खोक्यावरचे दहा किलोमीटर

मैत्रिणींनो, घरात मिक्सर घ्यायचा असला तर आपण चार दुकानं पालथी घालतो. जार किती, गॅरंटी किती, दुरुस्तीवाला गावात आहे का, सगळं विचारून घेतो. पण बोटीवर बोलायचा सेट घ्यायची वेळ आली तेव्हा मी आणि माझी धाकटी जाऊ गप्प बसलो. म्हटलं, ते पुरुषांचं काम. पैसे मात्र बाजारात बसून, मासळी विकून आम्हीच साठवलेले!

सेट आणला भाच्याने. तो पर्यटकांना जीपमधून ताम्हिणी घाटाकडच्या कच्च्या वाटांवर नेतो. पुढची गाडी चिखलात रुतली की मागच्याला थांबवायचं, वळणावर समोरून ट्रक येतोय हे सांगायचं, यासाठी त्यांच्याकडे वॉकीटॉकी असतात. तसलीच एक जोडी त्याने मामाला दिली. एक बोटीवर, एक घरी. खोक्यावर ठळक छापलेलं, 'रेंज 10 किलोमीटर'. आम्ही खूश.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत भावजींच्या बोटीचं इंजिन कोर्लईच्या दक्षिणेला बंद पडलं. रात्र झाली तरी बोट नाही. जाऊ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सेट कानाला लावून उभी. नुसती खरखर. मोबाइल लागत नव्हता. "ताई, दहा किलोमीटर लिहिलंय ना त्याच्यावर?" हे ती मला इतक्या वेळा म्हणाली, की शेवटी मी उत्तर देणं सोडलं. पहाटे दुसऱ्या एका बोटीने त्यांना ओढून आणलं. सगळे सुखरूप होते. तिकडे भावजीही रात्रभर बटण दाबून हाका मारत होते म्हणे.

मग मात्र मी विचारायला सुरुवात केली. जेटीवरच्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी अगदी सोपं करून सांगितलं. या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. कोर्लईचा किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसलेला, त्याच्या पलीकडे बोट आणि अलीकडे आमची जाऊ! शिवाय पृथ्वी गोल. दोन बोटींवर दोन माणसं हातात सेट घेऊन उभी असतील, तर मोकळ्या दर्यावरसुद्धा साधारण 10 किलोमीटरवर क्षितिज आडवं येतं. तोच अँटेना दोन्ही बोटींवर 5 मीटर उंच काठीवर नेला तर अंतर 18 किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे आधी उंची, मग ताकद.

ताकदीतही फरक आहेच. परवान्याशिवाय वापरता येणारे वॉकीटॉकी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर चालतात, त्यांची ताकद साधारण अर्धा वॅट. जीपच्या रांगेला ते पुरतात, त्यात भाच्याचं काही चुकलं नाही. पण बोटीवर लागतो तो मरीन व्हीएचएफ, ज्याला आपल्याकडे सगळे वायरलेस म्हणतात. हातातला असेल तर 5 वॅटच्या आसपास, बोटीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर बसवलेला असेल तर 25 वॅट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यात चॅनल 16 असतो. जगभरातल्या बोटी, जहाजं आणि तटरक्षक दल संकटाची हाक याच चॅनलवर ऐकतात. आमच्या वॉकीटॉकीत तो चॅनलच नव्हता. अख्ख्या समुद्राने कान दिला असता तरी भावजींची हाक कुणाला ऐकू येणार नव्हती.

या वायरलेसला परवाना लागतो, तेव्हा घेण्याआधी सोसायटीत चौकशी करा. ऑनलाइन स्वस्तात दिसला म्हणून उचलू नका. बिनपरवाना वॉकीटॉकी सर्रास विकले जातात म्हणून 2025 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रीच्या संकेतस्थळांना नोटिसा काढल्या. खोक्यावर आयपीएक्स 7 लिहिलंय का तेही बघा. याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी सेट टिकतो. काही सेट पाण्यावर तरंगतात. खलाशाच्या ओल्या हातातून निसटणाऱ्या वस्तूला हा गुण फार मोठा!

बोलायची पद्धत शिकायला मात्र घरच्यांना वेळ लागला. फोनसारखं दोघांना एकाच वेळी बोलता येत नाही. बटण दाबा, क्षणभर थांबा, बोला, सोडा, ऐका. बटण चुकून जाळ्याखाली दाबलेलं राहिलं, तर आजूबाजूच्या सगळ्या बोटींचा तो चॅनल अडतो. 16 वर गप्पा मारायच्या नाहीत, फक्त हाक द्यायची आणि दुसऱ्या चॅनलवर जायचं. जीव धोक्यात असेल तर तीनदा 'मेडे', नुसतं इंजिन बंद असेल तर तीनदा 'पॅन पॅन'. मग बोटीचं नाव, आपण कुठे आहोत, काय झालंय आणि माणसं किती. भावजी आधी इंजिनाची सगळी कथा सांगायचे आणि नाव शेवटी! जावेने त्यांच्याकडून स्वयंपाकघरात पाठ करून घेतलं.

तुम्ही म्हणाल, मोबाइल आहे की. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं, तेव्हा खांब आणि टॉवर पडले आणि कित्येक गावांत वीजही नाही, फोनही नाही अशी अवस्था झाली. आणि दर्यावर तर चांगल्या दिवशीही थोडं लांब गेलं की रेंज जाते. किनाऱ्यावर फोन चालू असेल तर तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर आपल्याला लावता येतो. त्या रात्री आम्हा दोघींना तो ठाऊकच नव्हता. इस्रोने तयार केलेले, उपग्रहावरून संदेश पाठवणारे ट्रान्सपॉन्डर एक लाख बोटींवर बसवायची योजना 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला सुरू झाली. तेही आपल्या बोटीसाठी विचारून ठेवावेत. पण शेजारची बोट हाकेच्या अंतरावर असेल, तर तिला आधी ऐकू जातो तो वायरलेसच.

जावेला मरीन सेट घरीही हवा होता. पण तो जमिनीवरून विनापरवाना वापरता येत नाही. मग आम्ही बायकांनीच तोड काढली. आमच्या बोटीबरोबर निघणाऱ्या दुसऱ्या बोटीच्या घरच्यांचा नंबर आमच्याकडे, आमचा त्यांच्याकडे. संध्याकाळी सहाला दोन्ही बोटी वायरलेसवर एकमेकींना हाक देतात. जी आधी रेंजमध्ये येईल ती दोन्ही घरी कळवते. हल्ली भावजी निघताना जाऊ बर्फ, डिझेल, रेशन विचारते, आणि चौथं बोट मुडपून म्हणते, "बॅटरी?"