बाबांकडे दोन पानं बाकी

आमच्या घरात माणसं तीन. मी, नवरा आणि सातवीतली लेक. नवऱ्याची नोकरी फोर्टात, घर डोंबिवलीत, त्यामुळे तो दारात उभा राहीपर्यंत साडेआठ होतात. पूर्वी जेवणं उरकली की तिघं तीन कोपऱ्यांत तीन फोन घेऊन बसायचो. भांडण नाही, तंटा नाही. एखाद्या रात्री झोपताना लक्षात यायचं, की आज लेकीशी आपण डबा आणि गणवेश सोडून काही बोललोच नाही. मग पोटात कालवायचं.

2022 च्या पावसाळ्यात सासूबाई विट्याहून आल्या, त्या एक बातमी घेऊन. त्यांच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. त्या गावाने ठरवलं होतं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसावं म्हणून. "भोंगा पोरांसाठी आहे गं," आई म्हणाल्या, "पण बंद होतोय तो मोठ्यांचा टीव्ही." मला ते वाक्य लागलं. मी लेकीचा फोन काढून घेत होते, माझा मात्र उशाशी असायचा.

त्याच मुक्कामात आईंनी पत्त्यांचा कॅट आणायला लावला. चौघं होतो तोवर बदाम सात आणि मेंढीकोट. त्या परत गेल्या आणि आम्ही उरलो तिघं. तेव्हा नवऱ्याने पाच-तीन-दोन काढला. लोकलमध्ये मांड्यांवर बॅग आडवी टाकून खेळणाऱ्यांतला तो, त्याला सगळे डाव तोंडपाठ.

तिघांच्या घरासाठी याहून चांगला खेळ मला माहीत नाही. कॅटमधून दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं बाजूला काढायची, शिवाय किलवर आणि चौकटची सत्तीही. उरतात 30 पानं, प्रत्येकाला 10. पत्ते पिसून आधी पाच-पाच पानं वाटायची. पिसणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याने त्या पाचांवरच हुकूम बोलायचा, मग उरलेली पाच हातात येतात. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, पिसणाऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन. पुढच्या डावाला पाळी फिरते. सगळे मिळून हात दहाच, म्हणजे कुणाचा एक हात जास्त झाला तर कुणाचा तरी एक कमी पडलेला असतोच. ज्याचे कमी पडले, तो देणेकरी. पुढच्या डावात पानं वाटून झाली की येणेकरी त्याच्या हातातलं एक पान न बघता ओढतो आणि बदल्यात आपल्याकडचं नको असलेलं पान त्याच्या गळ्यात मारतो.

हे ओढणं पाहावं. लेक बाबाच्या हातातल्या दहा पानांच्या पंख्यावरून बोट फिरवते, मध्येच थांबते, त्याच्या डोळ्यांत बघते. तो चेहरा दगडासारखा ठेवायचा प्रयत्न करतो. बोट हुकमाच्या एक्क्यापाशी आलं की त्याचा अंगठा किंचित दाबला जातो. ते तिला कळतं. अकरा वर्षांत तिने आपल्या बापाकडे इतकं निरखून कधी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. आणि त्यानेही तिच्याकडे.

डाव रंगात आला की गोष्टीही आपोआप निघतात. वर्गातल्या मैत्रिणीने बोलणं टाकलंय, हे मला तिने किलवरची राणी टाकता टाकता सांगितलं. समोर बसवून विचारलं असतं तर "काही नाही" असंच उत्तर आलं असतं. हात पत्त्यांत गुंतलेले आणि नजर खाली असली की जड गोष्ट बाहेर पडायला सोपं जात असावं.

मागच्या मे महिन्यात सावंतवाडीला गेलो होतो. तिथल्या राजवाड्यात कलाकार हाताने गंजिफा रंगवतात. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही मरू घातलेली कला 1970 च्या दशकात पुन्हा उभी केली. पानं गोल, लाखेच्या रोगणाने चकाकणारी. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाची राजा आणि प्रधान धरून 12 पानं, एकूण 120. हा खेळ तिघांनी खेळायचा, हे ऐकल्यावर लेकीने तिथेच हिशेब केला, "म्हणजे प्रत्येकी 40! आई, आपल्यासारखंच घर असणार त्यांचं."

रोज जमतंच असं नाही. परीक्षा असते, पाहुणे असतात, कधी मीच थकलेली असते. तरी खेळ सुटत नाही, कारण रात्रीचा शेवटचा डाव कुणाला तरी देणेकरी करून संपतो, आणि ते देणं दुसऱ्या दिवसावर जातं. लेक ते कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवते. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

परवा पावसाने गाड्या रखडल्या. नऊ वाजता नवऱ्याचा फोन आला, अजून ठाण्यालाच आहे, तुम्ही जेवून घ्या. मी स्पीकर लावला होता. लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, दोन पानं बाकी आहेत तुझ्याकडे. मी जागी आहे."