समता शिकवायची कोणाला? आधी शिकवणाऱ्याला!

कायदा कागदावर असतो, तो राबवणारा माणूस खुर्चीवर असतो. खुर्चीवरच्या माणसाला कायदा ठाऊकच नसेल, किंवा ठाऊक असूनही त्याच्या मनातली जात शाबूत असेल, तर त्या कायद्याचे काय होते? आपली विद्यापीठे पाहा, उत्तर मिळेल!

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणातील समतेसाठी विनियम काढले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे बंधन घातले. भेदभाव म्हणजे काय, याची यादीच दिली. वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणे, 'राखीव' म्हणून शिक्का मारणे, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, वसतिगृहात, खानावळीत वेगळे वागवणे, हे सारे त्यात आहे. पुढे काय झाले? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी ही आदिवासी लेक गेली. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांना, हे विनियम अंमलात आणा म्हणून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २०२६ च्या जानेवारीत आयोगाने नवे विनियम आणले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली.

विनियम जुने असोत की नवे, ते राबवणार प्राचार्य, विभागप्रमुख आणि वसतिगृहाचे रेक्टरच. त्यांना कोण शिकवणार?

सध्या प्रशिक्षण म्हणून जे चालते ते बहुतेकदा असे: प्रतिमेला हार, पाहुण्यांचे भाषण, चहापान, फोटो आणि फाईलमध्ये अहवाल. यातून भेदभाव कसा जाणार? खरे प्रशिक्षण द्यायचे तर त्यात चार गोष्टी हव्यात. पहिली, उपदेशाऐवजी कायदा शिकवा: संविधानाचे कलम १५ आणि १७, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. दुसरी, रोजचे प्रसंग समोर ठेवा. प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारून जात काढणे हाही भेदभाव आहे, हे प्राध्यापकाला उमगले पाहिजे. तिसरी, तक्रार आली तर पहिल्या दिवशी काय करायचे, नोंद कशी घ्यायची, तक्रारदाराला सूडापासून कसे वाचवायचे, याचा सराव करून घ्या. चौथी, हे शिकवणाऱ्यांत ज्यांनी भोगले त्या समाजातील जाणकार असलेच पाहिजेत.

हे अशक्य नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कलम १९ मध्ये मालकावर जागृतीची शिबिरे घेण्याची जबाबदारी टाकली आहे. तशीच रोखठोक सक्ती जातीच्या बाबतीत का नको?

बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. बाबासाहेबांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. विद्यार्थी होते अवघे १५. नेता घोषणांनी घडत नाही, तो अभ्यासाने घडवावा लागतो, हे त्यामागचे सूत्र! त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच ते बंद पडले. आज आपल्या संघटनांत, आपल्या शिक्षण संस्थांत कार्यकर्त्यांचे असे प्रशिक्षण किती होते? आपल्या व्यासपीठावर स्त्रिया किती, पोटजातीचा अभिमान किती, अपंग बांधवांसाठी खुर्ची कुठे? समता बाहेर मागणाऱ्याने ती घरात आधी रुजवली पाहिजे.

म्हणून प्रत्येक वाचकाने एक काम करावे. आपल्या तालुक्यातील महाविद्यालयाला माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली तीन प्रश्न विचारा. समान संधी कक्षात कोण आहेत? त्यांना कधी आणि कोणी प्रशिक्षण दिले? आजवर तक्रारी किती आल्या, निकाल काय लागला? उत्तर 'तक्रार निरंक' असे आले तर लगेच समाधान मानू नका. भेदभाव नाही म्हणून तक्रार नाही, की विश्वास नाही म्हणून तक्रार नाही, हे त्या विद्यार्थ्यांना भेटून विचारा. आपल्या लेकरांना श्रद्धांजली वाहण्याची वेळ येण्याआधी हे विचारले पाहिजे.

जयभीम!