उस्मानाबादी शेळी : कळपातला बोकड कोण ठरवतो?

धाराशिव जिल्ह्यात ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही, त्याच्याही दारात शेळी असते. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी बाई सकाळी दोन शेळ्या बरोबर घेऊन निघते, त्यांना बांधाला चारते आणि दिवस मावळताना लिंबाचा नाहीतर सुबाभळीचा डहाळा डोक्यावर घेऊन परतते. दवाखाना, शाळेची फी, पेरणीचं बियाणं असा खर्च अंगावर आला की एक बोकड बाजारात जातो. या जिल्ह्यानं देशाला दिलेला मांसाचा हा अस्सल देशी वाण असा घराघरांत, बहुतेक बायकांच्या हातांनी जोपासला गेला आहे.

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पण शेळी बाजारात आणि सरकारी नोंदीत ‘उस्मानाबादी’च आहे. तिचं मूळ रान म्हणजे जुना उस्मानाबाद जिल्हा; १९८२ मध्ये लातूर वेगळा होण्याआधीचा. तुळजापूर, लातूर, उदगीर हा तिचा खरा मुलूख. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडं महाराष्ट्रातल्या शेळ्यांच्या चार जाती नोंदलेल्या आहेत : उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी. यातली उस्मानाबादी दुरूनही ओळखू येते. अंगानं बहुधा काळीभोर, पायांनी उंच, कान लोंबते आणि काहींच्या कानांवर पांढरे ठिपके. बोकडांना बहुतेक शिंगं असतात; शेळ्यांत शिंगवाल्या आणि बिनशिंगाच्या दोन्ही दिसतात. गावच्या चराईवर पूर्ण वाढलेली शेळी साधारण ३० ते ३५ किलोंची भरते.

हे वजन फार मोठं नाही. उत्तरेकडच्या जमनापारीशी किंवा दक्षिण आफ्रिकेच्या बोअरशी तुलना केली तर ती लहानच दिसेल. तिचं मोल कळतं ते वेताच्या हिशेबात. गाभणकाळ पाच महिन्यांचा, नीट निगा राखली तर दोन वर्षांत तीन वेत, आणि जुळी करडं ही नेहमीची गोष्ट. दोन करडांना पुरेल इतकं दूध तिला असतं, शिवाय घरच्या चहापुरतं निघतं. बालाघाटाच्या हलक्या, खडकाळ रानात हे साधतं, कारण शेळी गवतावर विसंबून नसते. ती मान वर करून खाते : बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, हिवराचे शेंडे. पाऊस दडी मारतो तेव्हा गवत आधी करपतं. खोल मुळांची झुडपं मागं राहतात. गोठ्यातली गाय विकायची वेळ येते तेव्हाही शेळी तग धरते.

तिच्या मटणाचीही कीर्ती आहे. शेळीची चरबी मांसाच्या धाग्यांत कमी आणि पोटात, गुर्द्याभोवती जास्त साठते, म्हणून मटण मुळातच कमी चरबीचं असतं. आठ महिने ते वर्षभराचा बोकड कोवळा आणि रसाळ निघतो. कापल्यावर जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास मटण पडतं. वयात आलेल्या बोकडाच्या अंगाला उग्र दर्प येतो. लहानपणीच खच्ची केलेला बोकड त्यातून सुटतो आणि अंगानंही भरतो. येसर मसाला घालून केलेला रस्सा आणि ज्वारीची भाकरी यांची चव ज्यानं घेतली, त्याला बोकडाचं वय किती महत्त्वाचं हे समजावून सांगावं लागत नाही.

आता मुख्य अडचण. कळपात जो बोकड सगळ्यांत लवकर वाढतो, दिसायला उमदा असतो, त्याच्यावर गिऱ्हाइकाची नजर आधी पडते. बकरी ईदच्या तोंडावर त्याला चढा भाव मिळतो. मालकाला पैशाची गरज असतेच, तो जातो. मागं उरलेला हलका, उशिरा वाढणारा बोकड शेळ्यांत फिरतो आणि पुढची पिढी त्याची होते. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की वाण बाहेरून काळाच दिसतो, पण आतून झिजत जातो. त्यात एकच बोकड वर्षानुवर्षं ठेवला तर तो आपल्याच लेकींवर, म्हणजे पाटींवर जातो. करडं अशक्त होतात, मरतूक वाढते.

यावर झटपट उपाय म्हणून परक्या रक्ताकडं पाहिलं जातं. फलटणला १९६८ मध्ये स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बोअर जात आणून संकराचं काम केलं, आणि चांगला खुराक देऊ शकणाऱ्यासाठी तो मार्ग आहे. याच संस्थेनं शेतकऱ्यांच्या दारी जाऊन उस्मानाबादीची वजनं आणि वेतं नोंदवली, निवडक बोकडांचं गोठवलेलं रेत वापरून जातीतच सुधारणा करण्याचं कामही केलं. बांधावर चारणाऱ्या बाईसाठी मला हा दुसरा मार्ग मोलाचा वाटतो. तिला तीच काटक शेळी हवी आहे, फक्त करडू थोडं लवकर वाढणारं.

त्यासाठी लागतं ते फार नाही. जुळ्यांतला, दुधाळ आईचा बोकड हेरावा. जन्माचं, तीन महिन्यांचं आणि सहा महिन्यांचं वजन वहीत लिहावं. बाकीचे खच्ची करावेत. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. दर दोन वर्षांनी तो शेजारच्या गावाशी बदलावा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, वेळेवर पीपीआर रोगाची लस आणि जंतनाशक, व्यायल्यावर तासाभरात करडाला चीक. सरकारी योजनेतून दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो. त्या अकरांत सर्वांत जास्त पारखून घ्यायचा तो बोकड, कारण प्रत्येक करडात निम्मा वाटा त्याचा.

एकट्या बाईला चढ्या भावाचं गिऱ्हाईक परत पाठवणं परवडत नाही. गावानं मिळून वळू सांभाळायची रीत आपल्याकडं जुनी आहे. बचत गटानं किंवा ग्रामपंचायतीनं तसाच एक निवडक बोकड बाजारभावानं विकत घ्यावा आणि गावासाठी राखावा. मालकिणीला तिचे पैसे मिळतील, वाण गावात राहील आणि उस्मानाबादीची पुढची पिढी कुणाची असावी हे बाजाराऐवजी गाव ठरवेल.