माणशी नऊ मीटर

उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांपैकी सान्दोय बेटावर सुमारे बाराशे माणसं राहतात. गर्दीच्या वेळच्या मुंबई लोकलच्या तीन-चार डब्यांत सगळं बेट मावेल. या बेटासाठी समुद्राच्या तळाखालून 10.8 किलोमीटरचा बोगदा खोदला गेला आणि 21 डिसेंबर 2023 रोजी तो सुरू झाला. भागाकार करा: माणशी नऊ मीटर.

त्यानंतर बावीस दिवसांनी, 12 जानेवारी 2024 रोजी, मुंबईत अटल सेतूचं उद्घाटन झालं. लांबी 21.8 किलोमीटर. 2011च्या जनगणनेतल्या 1 कोटी 24 लाख मुंबईकरांत तो वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन मिलीमीटर पूल येतो, तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका. उलट, मुंबईला सान्दोयच्या मापाने बोगदे द्यायचे ठरवले, तर लांबी भरेल जवळजवळ 1,12,000 किलोमीटर. विषुववृत्ताला पावणेतीन वेढे!

असे आकडे पाहिले की सान्दोयचा बोगदा उधळपट्टी वाटू लागतो. मला मात्र तो पटतो. तिथली बोट अर्ध्या तासात पलीकडे पोचायची, पण शेवटची फेरी सुटली की बेटाला कुलूप लागायचं, आणि वादळात तर भरदिवसाही. राजधानीत नोकरी मिळालेल्या तरुणाने मग घरच हलवायचं. माणशी नऊ मीटर हा हिशेब मागे राहिलेल्यांचा आहे. निघून गेलेले भागाकारात येत नाहीत. शिवाय पैसे काही त्या बाराशे जणांच्याच खिशातून जात नाहीत. सान्दोयचा बोगदा ज्या कंपनीचा, 2020 साली सुरू झालेला एस्तुरोय बेटाचा 11.2 किलोमीटरचा बोगदाही त्याच कंपनीचा. त्यात समुद्राखाली चक्क गोल चौक आहे. तिथे वाहनं भरपूर, आणि त्यांचा टोल सान्दोयचा भार उचलतो.

आता दक्षिणेच्या सुदुरोय बेटापर्यंत सुमारे 26 किलोमीटरच्या बोगद्याची योजना आहे. लोकसंख्या साधारण 4,600, म्हणजे माणशी साडेपाच मीटर. सान्दोयपेक्षा कमीच की! तरीही इथे माझं मन अडतं. सुदुरोयला ‘स्मिरिल’ नावाचं मोठं जहाज आहे. 975 प्रवासी आणि 200 मोटारी घेऊन ते दोन तासांत राजधानी गाठतं. बेटाचा पाचवा हिस्सा एका फेरीत! आणि बेटावर स्वतःचं इस्पितळ आहे, त्यामुळे रात्री-अपरात्री दुखणं उपटलं तरी समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही, असं होत नाही.

इकडे कोकणात, दाभोळच्या धक्क्यावर जंगलजेट्टीची, म्हणजे मोटारी नेणाऱ्या फेरीबोटीची, वाट पाहताना मला हा हिशेब नेहमी आठवतो. पलीकडे धोपावे डोळ्यांसमोर दिसत असतं. मध्ये फक्त वाशिष्ठीची खाडी. पण शेवटची फेरी चुकली, तर तेच धोपावे गाठायला अंधारात चिपळूणच्या बाजूने वळसा घालावा लागतो.