खाज एक, क्रीम वेगळी

साठीच्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. खाली खाज सुटते म्हणून सहा महिने मुलाची गजकर्णाची ट्यूब लावत होत्या. संकोचापोटी कुणाला सांगितलं नव्हतं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, त्वचा मात्र पातळ झाली. तपासलं तर बुरशी नव्हतीच. पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा होता.

खाजेची कारणं अनेक. दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव असेल तर बहुधा बुरशी, तिथे क्लोट्रिमॅझोल. मासळीसारखा वास येत असेल तर बहुधा जिवाणूंचा समतोल बिघडलेला. तिथे क्लिंडामायसिन क्रीम. कोरडेपणाला कमी मात्रेचं इस्ट्रोजेन : सहसा दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा.

पाळीच्या वयात निरोगी योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५, म्हणजे आम्लधर्मी असतो. आतली त्वचा नाजूक असते, म्हणून अंगाला लावायची क्रीम आत घालू नका. योनीसाठीची क्रीम रात्री झोपताना अ‍ॅप्लिकेटरने घ्या, म्हणजे ती बाहेर ओघळत नाही. बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा. यातल्या काही क्रीममुळे कंडोम कमकुवत होतो, हेही लक्षात ठेवा.

गरोदर असाल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ट्यूब शोधू नका, तपासून घ्या.