चौकशी समितीतील रिकामी खुर्ची

शिक्षकखोलीत शिपाई आला आणि त्याच्या हाती बंद पाकीट व पोचवही दिसली, की तेथील बोलणी थांबतात. पाकीट कोणाच्या नावाचे आहे हे कळेपर्यंत प्रत्येकाला ते आपलेच वाटत असते. एकदा कळले, की उरलेले सर्वजण वह्या तपासण्यात गढून जातात. पाकिटात बहुधा चार ओळींचा कागद असतो. अमुक तारखेस आपण चार मिनिटे उशिरा आलात, याचा लेखी खुलासा चोवीस तासांत करावा. त्याच तारखेस अध्यक्षांच्या नात्यातले दुसरे एक गुरुजी मधल्या सुट्टीच्या सुमारास आले होते, हे खोलीतील प्रत्येकाला ठाऊक असते. ते कोणी बोलत नाही.

खाजगी शाळांतील छळ सहसा आरडाओरड्याचा नसतो. तो वेळापत्रकातून येतो. पंधरा वर्षे दहावीला गणित शिकविणाऱ्याकडे पाचवीचे कार्यानुभवाचे तास जातात. त्याचा पहिला तास सकाळी आणि शेवटचा अगदी घंटा होईपर्यंत, आणि मधल्या मोकळ्या तासांना रोज कोणाचा तरी बदली तास. रजेचा अर्ज शेऱ्याविना परत येतो. वेतनवाढ ‘विचाराधीन’ राहते. गोपनीय अहवालात एकच ओळ उमटते, की सहकार्याची वृत्ती नाही. यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली तर तक्रार करण्याइतकी ती मोठी नसते. वेळापत्रक आखणे हा मुख्याध्यापकांचा अधिकारच आहे. पण या सगळ्या गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला, एकाच वर्षात आल्या म्हणजे तो माणूस आतून खचू लागतो. कोणते सर सध्या मर्जीतून उतरले आहेत हे नववीच्या मुलांनाही सांगावे लागत नाही. कोणाच्या तासाला गोंधळ केलेला खपतो, हे त्यांना बरोबर समजते.

या साऱ्यात कार्यालयातील लिपिकाची अवस्था अधिकच चमत्कारिक असते. मेमो तोच टंकलिखित करतो, जावक क्रमांक तोच घालतो आणि कधी कधी मागील तारखेचा क्रमांक घालण्याची आज्ञाही त्यालाच होते. उद्या त्याच्या नावाचा कागद निघेल तेव्हा तो टंकलिखित करावयास दुसरा कोणी नसतो. म्हणजे स्वतःचाच मेमो स्वतः टंकित करण्याची पाळी त्याच्यावर येते. हा विनोद नाही. मी असा एक प्रसंग पाहिला आहे.

महाराष्ट्रातील खाजगी शिक्षणसंस्था काही मालकीच्या भावनेतून जन्मलेल्या नाहीत. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा शिकविणारे आणि संस्था चालविणारे हे एकच लोक होते. आजीव सदस्य वर्गावर जात आणि तेच कारभारही पाहत. तेथेही भांडणे झालीच. लोकमान्य टिळक १८९० मध्ये त्या संस्थेतून बाहेर पडले ते काही गुण्यागोविंदाने नव्हे. परंतु ती भांडणे बरोबरीच्या माणसांची होती. प्रत्येकाला मत होते आणि ते नोंदले जात असे. पुढे शिक्षण खेड्यापाड्यांत गेले ही मोठीच गोष्ट झाली. मात्र जागा मिळविणारा, मान्यता आणणारा आणि अनुदानासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविणारा गृहस्थ एक आणि फळ्यासमोर उभा राहणारा दुसरा, अशी फाळणीही तेव्हापासून झाली. अनुदानित शाळेतील शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, पण त्याच्या नेमणुकीच्या पत्रावर सही अध्यक्षांची असते. पगार देणाऱ्याने त्याला कधी पाहिलेले नसते, आणि जो रोज पाहतो त्याच्या खिशातून पगार जात नाही. संस्थाचालकाच्या लहरीला तोशीस लागत नाही ती या व्यवस्थेमुळे.

शिक्षकाला या लहरीपासून संरक्षण देणारा कायदा नाही असे नाही. पूर्वी माध्यमिक शाळा संहिता होती. परंतु ती प्रशासकीय सूचनांच्या स्वरूपाची असल्यामुळे तिच्या बळावर न्यायालयात दाद मागणे दुरापास्त होते. १९७७ साली खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम विधिमंडळाने संमत केला. तो प्रत्यक्ष अमलात आला १५ जुलै १९८१ रोजी, आणि त्याच वर्षी त्याखालील नियम झाले. अनुदानित असो वा विनाअनुदानित, शिक्षक असो वा शिक्षकेतर, सर्वांना तो लागू आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावलणे यांपैकी काही घडले तर हुकूम मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. निलंबन करावयाचे तर शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वसंमती घ्यावयाची; ती न घेता केले तर निर्वाहभत्त्याचा भार संस्थेने स्वतः उचलावयाचा. राजीनाम्यासाठीसुद्धा कलम आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवावी व दुसरी स्वतःजवळ ठेवावी. राजीनाम्यासारख्या साध्या गोष्टीला इतके सोपस्कार कशासाठी, असे एखाद्या परक्याला वाटेल. ज्याने नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही करून दिलेली आहे, त्याला ते विचारावे लागणार नाही.

आता ज्या नियमासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो. शिक्षकावर गंभीर आरोप ठेवले तर चौकशी समिती नेमावी लागते. ती तिघांची असते. एक सदस्य संस्थेचा. एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या नामिकेतून निवडलेला. आणि एक खुद्द आरोपित कर्मचाऱ्याने सुचविलेला. हा तिसरा कोणत्याही खाजगी शाळेतील कर्मचारी असू शकतो. नियम करणाऱ्यांनी येथे मोठा विचार केला आहे असे मला वाटते. आरोपिताच्या शाळेतील माणसावर दडपण येईल हे त्यांनी ओळखले आणि साऱ्या राज्यातील खाजगी शाळांचे दार त्याला उघडून दिले. तथापि त्याच नियमात एक पुढची ओळ आहे. कर्मचाऱ्याने पंधरा दिवसांत आपल्या सदस्याचे नाव कळविले नाही, तर उरलेल्या दोघांचीच समिती झाली असे समजावे.

१९८८ च्या जानेवारीत शेजारच्या गावातील शाळेचे एक शिक्षक संध्याकाळी माझ्या घरी आले. आम्ही दोघे एकाच वर्षी बी. एड. झालेलो. त्यांच्या शाळेत पगारातून इमारत निधी म्हणून दरमहा काही रक्कम कापली जात असे. तिचा हिशेब त्यांनी शिक्षकसभेत मागितला होता, आणि त्यापुढे आठ महिन्यांत त्यांच्यावर सात आरोप तयार झाले. वर्गात वर्तमानपत्र वाचणे हा त्यांतला एक. त्यांनी ते कागद टेबलावर मांडले आणि म्हणाले, “माझ्या बाजूने समितीत तुमचे नाव देतो. तुम्ही फक्त बसा, ऐका आणि जे दिसेल ते लिहा. माझी बाजू घेऊ नका.”

मी कायम सेवेत होतो. माझ्या केसालाही कायद्याने धक्का लागणार नव्हता. पण आमचे अध्यक्ष आणि त्यांचे अध्यक्ष एकाच साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर होते, आणि घराच्या कर्जासाठी मला मुख्याध्यापकांचा दाखला हवा होता. घरी विचारून सांगतो, असे मी म्हटले. दुसऱ्या दिवशी निरोप धाडला, की मुलीची शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली आहे, तिचा अभ्यास घ्यावा लागतो, तेव्हा क्षमस्व. त्यांनी आणखी तिघांना विचारले असे मला नंतर कळले. पंधरा दिवस उलटले, समिती दोघांची झाली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना बडतर्फीचे पत्र मिळाले.

त्यांनी अपील केले. अपील तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे अधिनियमातच म्हटले आहे. त्यांना साडेचार वर्षे लागली. न्यायाधिकरणाने त्यांना कामावर परत घेतले. मधल्या काळात त्यांनी शिकवण्या घेतल्या आणि एका किराणा दुकानाचे हिशेब लिहिले. परतल्यानंतर एकदा बसस्थानकावर भेट झाली. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, “मुलीची परीक्षा कशी झाली होती?” त्या प्रश्नात टोमणा होता की साधी चौकशी, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, की सगळेच शिक्षक काही धुतल्या तांदळासारखे नसतात. खरेच नसतात. तासाला न जाणारे, मुलांना शिकवणीला यावयास भाग पाडणारे, आणि कारवाईचा कागद आला की छळ झाला म्हणून गळा काढणारे मी जवळून पाहिले आहेत. अशांवर कारवाई व्हावयासच हवी. आणि ती झाली तर पहिला आनंद त्यांच्या सहकाऱ्यांना होईल, कारण त्यांचे तास तेच घेत असतात. परंतु दोषी माणसावरची कारवाई न्यायाधिकरणात टिकत नाही, ती बहुधा चौकशी धडपणे न झाल्यामुळेच. समितीत तिसरा माणूस बसला आणि त्यानेही आरोप खरे असल्याचे लिहिले, तर संस्थेचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते ज्यांना मुळात चौकशी नको असते त्यांचे.

मग सहकारी का येत नाहीत? भित्रेपणा हे उत्तर सोपे आहे आणि माझ्यापुरते ते खरेही आहे. पण दरवर्षीच्या संचमान्यतेत पटसंख्या घटून आपण अतिरिक्त ठरू की काय, या चिंतेत असलेल्या माणसाला केवळ भित्रा म्हणून चालणार नाही. शिवाय आता शिक्षणसेवक आहेत. या योजनेत पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. २०२३ साली ते वाढवून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये करण्यात आले. तीन वर्षांनंतर कायम होणे ज्यांच्या अभिप्रायावर अवलंबून, त्यांच्याविरुद्ध कोण बसेल? विनाअनुदानित शाळांत तर हे मानधनही अनेकदा कागदावरच असते. ज्यांना खरोखर बसता येईल ते कायम सेवेतले, मुले मार्गी लागलेले, निवृत्तीला पाचसात वर्षे उरलेले लोक. नेमके तेच निवृत्तिवेतनाची कागदपत्रे सुरळीत व्हावीत म्हणून गप्प असतात.

शिक्षकांच्या संघटना मोर्चे काढतात, वेतन आयोगासाठी लढतात. त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण तालुक्यातील दहा नावे, जी अशा चौकशीत बसावयास केव्हाही तयार आहेत, अशी यादी मी एकाही संघटनेच्या कार्यालयात पाहिली नाही. तिला पैसा लागत नाही.

त्याआधीची एक गोष्ट मात्र ज्याची त्यानेच करावयाची असते. आपण आयुष्यभर मुलांना लिहावयास शिकवितो आणि स्वतःच्या बाबतीत एक ओळ लिहीत नाही. ‘उद्यापासून येऊ नका, वरून निरोप आहे’ असे मुख्याध्यापक तोंडी सांगतात. शिक्षक मान खाली घालून घरी जातो. आणि महिन्याने, हे गृहस्थ स्वतःहूनच आले नाहीत, असे संस्था लिहून देते. तोंडी निरोप मिळाला त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात, की आपण असे सांगितलेत, मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. कार्यालयात द्याव्यात व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर टपालाने पाठवाव्यात. बदललेली वेळापत्रके, परत आलेले रजेचे अर्ज, मेमो आणि त्यांचे खुलासे तारखेवार एका फाइलीत लावावेत. पगारातून रोख परत मागितली गेली तर कोणी, कधी आणि कोणासमक्ष, हे टिपून ठेवावे. तीस दिवस हां हां म्हणता निघून जातात. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण द्यावे लागते, आणि मी घाबरलो होतो हे कारण पटविणे कठीण असते.

कागद जपलेल्यांना न्याय मिळाल्याची उदाहरणे आहेत. महाराष्ट्रातील एका खाजगी प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेची बडतर्फी न्यायाधिकरणाने बेकायदा ठरवून तिला मधल्या काळाचा पूर्ण पगार देवविला होता. उच्च न्यायालयाने तो पगार नाकारला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा मंजूर केला, आणि बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्याला मागील पगारासह परत घेणे हाच सामान्य नियम होय, असे स्पष्ट केले. देशभरातील कर्मचारी आज त्या निकालाचा आधार घेतात. तो मराठी मुलुखातल्या एका शिक्षिकेच्या चिकाटीने मिळालेला आहे, हे आपल्याकडच्या शिक्षकखोल्यांत फारसे ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती एका खाजगी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविते. तिला आरोपपत्र मिळाले आहे आणि समितीसाठी नाव हवे आहे. “सर, तुम्ही बसाल का?” असे तिने विचारले. मी या वेळी लगेच होय म्हटले. मग नियमांचे पुस्तक काढून ते कलम पुन्हा वाचले. सदस्य खाजगी शाळेतील कर्मचारी असावा, असे शब्द आहेत. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. त्या खुर्चीवर बसण्याचा अधिकार मला उरलेला नाही. तिला तसे कळविले आणि ओळखीच्या, अजून सेवेत असलेल्या तिघांना फोन केले. एकाने उचलला नाही. दोघे कळवितो म्हणाले. तिच्या पंधरा दिवसांपैकी तेव्हा सहा उरले होते.