माळ्यावरचा जुना मिक्सर, फूड प्रोसेसर पुन्हा वापरता येतो का? प्लग लावण्याआधी हे तपासा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून एक जड खोके हमखास खाली येते. आत जुना मिक्सर किंवा फूड प्रोसेसर असतो. कधी आईच्या लग्नातला, तर कधी मामाने अमेरिकेतून आणलेला. ‘अजून चालतो का बघू’ म्हणत कुणीतरी थेट प्लग लावतो आणि नेमकी इथेच चूक होते. वीस-पंचवीस वर्षे बंद असलेले यंत्र दणकट असू शकते, पण त्याची वायर, रबर आणि प्लास्टिक तेवढे टिकलेले नसते. असे यंत्र कुठे मिळते, कसे तपासायचे आणि कधी त्याचा नाद सोडायचा, हे सविस्तर समजून घेऊया.

जुन्या यंत्रांचे आकर्षण कशामुळे?

मुख्य कारण म्हणजे ही यंत्रे उघडता येतात. तळाचे स्क्रू काढले की मोटर, कार्बन ब्रश, स्विच असे सगळे भाग समोर दिसतात आणि सुटे बदलता येतात. मोटर जळाली तरी तांब्याच्या तारेने रिवाइंडिंग करून ती पुन्हा चालू करता येते.

भारतीय मिक्सरचा जन्मही अशाच एका बिघाडातून झाला. १९६०च्या दशकात मुंबईतील अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला. तो आपल्याकडच्या वाटणासाठी बनलेलाच नव्हता. मग माथुर यांनी हळकुंड, सुके खोबरे, भिजवलेली डाळ यांचा भार पेलणारी मोटर तयार करण्याचे काम हाती घेतले. त्यातून आलेल्या ‘सुमीत’ मिक्सरने अनेक घरांतल्या पाटा-वरवंट्याला विश्रांती दिली.

मिक्सर आणि फूड प्रोसेसर वेगळे कसे?

मिक्सरचे भांडे अरुंद असते, पाते लहान असते आणि मोटर मिनिटाला साधारण १८ ते २० हजार फेरे घेते. त्यामुळे चटणी, वाटण, मसाला बारीक होतो. फूड प्रोसेसरचे भांडे रुंद असते आणि पाते इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचे असते. जुन्या क्युझिनार्टसारख्या यंत्रात ते मिनिटाला सुमारे १८०० फेऱ्यांच्या आसपास फिरते. वेग कमी आणि जोर जास्त असल्याने कणीक मळणे, कोबी चिरणे, हलव्यासाठी गाजर किसणे ही कामे त्यात छान होतात. इडलीचे पीठ किंवा ओल्या नारळाची गुळगुळीत चटणी मात्र त्यात जमत नाही.

फूड प्रोसेसर मुळात फ्रान्समधला. पिअर व्हेर्दाँ यांनी आधी हॉटेलांसाठी ‘रोबो-कूप’ आणि नंतर घरगुती ‘मॅजिमिक्स’ बनवला. अभियंते कार्ल सोन्थायमर यांनी १९७३ मध्ये तो ‘क्युझिनार्ट’ या नावाने अमेरिकेत आणला.

जुने यंत्र कुठे शोधाल?

आधी नातेवाइकांच्या माळ्यावर शोधा. बाहेर बघायचे तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईतला चोर बाजार ही नेहमीची ठिकाणे आहेत. सुट्या भागांसाठी पुण्यातील तपकीर गल्ली आणि मुंबईतील लोहार चाळ, लॅमिंग्टन रोड या भागांत चौकशी करता येते. जाताना जुना भाग किंवा नेमप्लेटचा फोटो सोबत ठेवा. कपलर आणि ब्रश मापाप्रमाणे मिळतात, नुसत्या नावावर नाही.

घेताना काय पाहाल?

वायर आणि प्लग : वायर वाकवून पाहा. आवरण कडक झाले असेल किंवा तडे दिसत असतील तर वायर बदलायलाच हवी. धातूचे आवरण असलेल्या यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवेच. कुणी दोन पिनांचा प्लग जोडून ठेवला असेल तर तो आधी बदला.

मोटर : कपलर हाताने फिरवा. तो अडखळता कामा नये. कार्बन ब्रशपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणे सामान्य आहे. मोठ्या नारिंगी ठिणग्या आणि जळका वास म्हणजे ब्रश झिजलेत किंवा मोटर बिघडली आहे.

भांडे : स्टीलच्या भांड्याच्या तळाशी काळे, तेलकट पाणी झिरपत असेल तर बुश गेला आहे आणि तेच तेल तुमच्या चटणीत उतरते. प्लास्टिकचे भांडे पिवळट, तडकलेले असेल तर ते वापरू नका.

पाते : हे सर्वांत महत्त्वाचे. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत क्युझिनार्टच्या सुमारे ८० लाख फूड प्रोसेसरची पाती बदलून देण्याची मोहीम निघाली. रिव्हेट लावलेल्या पात्यांना तडे जाऊन तुकडे अन्नात पडत असल्याच्या तक्रारी होत्या. ही यंत्रे १९९६ ते २०१५ दरम्यान विकलेली होती. त्यामुळे परदेशातून आलेल्या यंत्राचे पाते उजेडात धरून, रिव्हेटच्या आजूबाजूला नीट तपासा.

पहिल्यांदा चालू कसे कराल?

शक्यतो आधी मेकॅनिककडून मेगर टेस्ट करून घ्या. मोटरमधला विद्युतप्रवाह आवरणात उतरतो का, हे त्यातून कळते. रीडिंग १ मेगाओहमपेक्षा कमी आले तर यंत्र वापरू नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर त्याच लाइनवर चाचणी घ्या.

सुरुवातीला भांडे न लावता, सर्वांत कमी वेगावर १० ते १५ सेकंद चालवा. मग भांड्यात पाणी घालून गळती पाहा. त्यानंतर मूठभर तांदूळ फिरवून ते टाकून द्या. यंत्र मध्येच बंद पडले तर घाबरू नका. अनेक मिक्सरच्या तळाशी ओव्हरलोडचे लाल बटण असते. प्लग काढा, मोटर थंड होऊ द्या आणि मग बटण दाबा. ते वारंवार उडत असेल तर भार जास्त आहे किंवा मोटर आजारी आहे.

अमेरिकेतून आलेला फूड प्रोसेसर इथे चालेल?

थेट प्लगमध्ये लावला तर जळेल. तो ११० ते १२० व्होल्टसाठी बनलेला असतो आणि आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा आहे. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो यंत्राच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्यावा, कारण सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, तर भारतात ५० हर्ट्झ असते. कार्बन ब्रशच्या मोटरला याने फारसा फरक पडत नाही. जुन्या, दणकट फूड प्रोसेसरमध्ये मात्र अनेकदा इंडक्शन मोटर असते. तिचा वेग इथे सुमारे एक षष्ठांशाने घटतो आणि ती जास्त तापते. म्हणून अशा यंत्रात कणीक एकाच वेळी न मळता दोन-तीन भागांत मळावी आणि मध्ये विश्रांती द्यावी.

नाद कधी सोडायचा?

हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, पात्याला तडा असेल किंवा झाकणाचे सेफ्टी लॉक तुटले असेल आणि तो भाग मिळत नसेल, तर आठवणीपेक्षा बोटे महत्त्वाची. लॉक ‘जुगाड’ करून कायमचे दाबून ठेवणे सर्वांत धोकादायक, कारण झाकण उघडे असतानाही पाते फिरू शकते. असे यंत्र अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

तुलनेने नवे यंत्र असेल आणि कंपनी सुटे भाग देत नसेल, तर केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर सहभागी कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती पाहता येते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बाकी सगळे ठीक निघाले, तर वायर, ब्रश आणि गॅस्केट बदलून तो मिक्सर पुन्हा ओट्यावर येऊ शकतो. माळ्यावरचे खोके भंगारवाल्याकडे देण्याआधी ते एकदा मेकॅनिकला दाखवून घ्या.